ग्राइंडरची जागा

कारखान्याच्या टूलरूममध्ये नापास झालेल्या जॉबला, म्हणजे घडवलेल्या पोलादी भागाला, लाल रंग लावण्याची पद्धत होती. ज्याचे माप चुकले, ज्याला तडा गेला, ज्याचा काटकोन काटकोन राहिला नाही, त्याच्या अंगावर ब्रशाचा एक फटकारा ओढायचा आणि तो कोपऱ्यातल्या पेटीत टाकायचा; पुढे त्याला कोणी हात लावत नसे. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत मायक्रॉन आपला कप घ्यायला खुंट्यांपाशी गेला, तर कपाच्या कानावर तोच लाल रंग. रंग अजून ओला होता. बोटाला लागला.

मायक्रॉन हे अर्थातच टोपणनाव. सरफेस ग्राइंडरवर, फिरत्या चाकाने पोलाद घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, त्याची उमेद आणि उमर दोन्ही गेली होती, आणि केसाहून बारीक फरकासाठी तो माणसांशी भांडत असे. त्याच्या यंत्रावर दुसरा कोणी बसत नसे. तो बसू देत नसे. खिडकीजवळची, उत्तरेच्या उजेडाची ती जागा कारखान्यात सगळ्यांत मानाची होती, आणि तिच्यावर ज्याचा डोळा होता तो फिटर या क्षणी चहाच्या टाकीला टेकून मिशीत हसत होता. हा फिटर मायक्रॉनचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. कारखान्यात त्याला भोंगा म्हणत, कारण त्याच्या कानात पडलेली गोष्ट शिफ्ट संपायच्या आत फाटकापर्यंत पोहोचलेली असे.

"साडूभाऊ, कप आता तुमचा स्वतंत्र," भोंगा म्हणाला. "मान वाढला."

"लाल रंग कुठे लावतात हे तुला ठाऊक असणारच," मायक्रॉन म्हणाला. "तुझे निम्मे जॉब त्याच पेटीत जातात."

दोघे-तिघे हसले, पण हसताना एक पाऊल मागे सरकले, हे मायक्रॉनच्या नजरेतून सुटले नाही. एक टर्नर तर मान वाकडी करून त्याच्या डोळ्यांत पाहू लागला.

"काय बघतोस?"

"पिवळे झालेत का ते. कावीळ आहे ना तुम्हाला?"

गोष्ट फुटली कशी, हे शोधायला लांब जावे लागणार नव्हते. मायक्रॉनच्या हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि निकाल आणायला बायकोच्या हट्टापायी त्याला साडूच्या स्कूटरवर मागे बसून जावे लागले. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या माणसाने सगळ्यांदेखत, भाजीचा भाव सांगावा तसे सांगून टाकले, "हेपेटायटिस सी, रिॲक्टिव्ह. ऑपरेशन थांबवा, आधी यकृताच्या डॉक्टरांना भेटा." भोंगा शेजारीच उभा होता. परतीच्या वाटेवर तो चकार शब्द बोलला नाही, आणि तेव्हाच मायक्रॉनने ओळखले की उद्या कारखाना बोलणार.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. बायकोने त्याचे ताट, वाटी, पेला आणि टॉवेल बाजूला काढले होते. ते तिने फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवले होते, जिथे एरवी फरशी पुसायची फडकी असत.

"हे काय?"

"काळजी," ती म्हणाली.

"काळजी खालच्या कप्प्यात ठेवतात?"

"आवाज चढवू नका. धाकटीचा फोन आला होता. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलंय, तुझ्या ताईकडे पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला!" तिने हातातले फडके आपटले. मग जे विचारायचे होते ते पाठमोरीच विचारले. "हा आजार भलत्या ठिकाणी जाणाऱ्यांना होतो म्हणतात. तुम्ही कुठे गेला होतात?"

मायक्रॉनच्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या आयुष्यात त्याने सुपारीचे खांडही चघळले नव्हते. "मी?" तो म्हणाला. "कारखाना आणि तू. दोन ठिकाणी गेलो, आणि दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या."

यकृताच्या डॉक्टरीणबाईंकडे बायको बरोबर आली, ती सोबतीला म्हणून नव्हे; नवरा तिथे खोटे बोललाच तर जागच्या जागी धरावा म्हणून. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या आणि स्वभावाने फटकळ होत्या. दारात उभ्या असलेल्या रांगेकडे एक नजर टाकून, बायकोच्या तोंडून कावीळ हा शब्द निघताच, त्यांनी विषयाला हात घातला.

"कावीळ झालीय असं कोणी सांगितलं? डोळे पिवळे होणं, पोटात पाणी होणं, हे फार उशिरा, यकृत खराब झाल्यावर. त्याआधी वर्षानुवर्षं बहुतेकांना काहीच कळत नाही. कळलंच तर थकवा, भूक मरणं, सांधे दुखणं. माणूस म्हणतो, वय झालं. बायको म्हणते, आळस आलाय."

"ताट वेगळं केलंय मी," बायको जरा अभिमानाने म्हणाली.

"कशाला?"

"पसरू नये म्हणून."

"ताटानं पसरत नाही. पेल्यानं नाही, शिंकेनं नाही, जवळ बसल्यानं नाही, मिठी मारल्यानं नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं तर पसरतं. वापरलेली सुई, न उकळलेली हत्यारं, न तपासलेलं रक्त. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. ताट वर ठेवा." मग त्या मायक्रॉनकडे वळल्या. "रक्त चढवलं होतं कधी? इंजेक्शनं, तीही एकाच सुईची? गोंदवून घेतलंय? दात काढला?"

त्याने प्रत्येक प्रश्नाला नकारार्थी मान हलवली. शेवटच्याला किंचित थांबून हलवली, कारण दात त्याचे सगळे जागेवर होते आणि ते सांगावेसे वाटत होते.

"रक्त येईल असं दुसरं काही? दुसऱ्या कुणाबरोबर वापरलेलं?"

"नाही."

"यांची सुई!" बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंची मान तिच्याकडे वळली.

त्या सुईची हकिकत अशी होती. टूलरूममध्ये पोलादाचे कुसळ बोटात शिरणे हे रोजचेच. ते डोळ्यांना दिसत नाही, पण बोट टेकवले की जीव कळवळतो. मायक्रॉनने तुटलेल्या ड्रिलच्या दांड्यापासून एक सुई घडवली होती. तिचे टोक त्याने स्वतः, आपल्याच चाकावर, इतके नाजूक लावले होते की कुसळ निघे आणि माणसाला कळतही नसे. कंपनीच्या औषधपेटीतल्या चिमट्याकडे कोणी फिरकत नसे. दुश्मनी असो वा दोस्ती, कुसळ गेले की माणूस मायक्रॉनच्या स्टुलापुढे येऊन बोट पुढे करी. त्यात भोंगाही असे, तोंड दुसरीकडे फिरवून. आपल्या बोटांतली कुसळे मायक्रॉन त्याच सुईने काढी. ही सगळी थोरवी तो रोज जेवताना बायकोला ऐकवत आला होता.

"ती सुई स्वच्छ असते," तो ताठ होत म्हणाला. "दर वेळी रॉकेलने पुसतो. तेलाचा डाग नाही, किसाचा कण नाही. मापं तपासायच्या प्रोजेक्टरवर पन्नास पट मोठी करून पाहिलीय मी. आरशासारखी आहे."

"पन्नास पट?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विषाणू पन्नास हजार पटीला कुठे दिसायला लागतो. तुम्ही यंत्राची स्वच्छता सांगताय. मी रक्ताची विचारतेय. किती जणांची बोटं?"

"सगळ्यांची."

"मग सगळ्यांनी तपासून घ्यायचं. सुईमुळेच झालं असं मी म्हणत नाही. कशामुळे झालं हे पुष्कळदा कधीच सापडत नाही. कोणाचं कोणाकडे गेलं, हेही नाही. पण तपासणी टाळायची नाही. लवकर सापडलं तर काही महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकजण पूर्ण बरे होतात. लस मात्र नाही याला." त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. "आणि तुमची आत्ता अर्धीच तपासणी झालीय. पहिली तपासणी एवढंच सांगते की शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. तो आज अंगात आहे का, ते दुसरी तपासणी सांगते. काहीजणांचं शरीर त्याला आपणहून हुसकावून लावतं. रक्त देऊन जा."

अर्धे माप घेऊन जॉब पुढे सरकवणाऱ्याला मायक्रॉन आजवर जे बोलत आला होता, ते सारे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने टाकीसमोर उभे राहून सुईचे आणि तपासणीचे सांगितले. गोड बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते; त्याने ते मापे वाचून दाखवावीत तसे सांगितले. आधी कोणाला काही उमगेना. मग एकेक माणूस आपापली बोटे पाहू लागला, आणि मग एकच गिल्ला झाला.

"म्हणजे आम्हाला टोचत होतात तुम्ही?"

"बोटं तुम्हीच पुढे करत होतात."

"आम्हाला पोरंबाळं आहेत, म्हाताऱ्या!"

"म्हणूनच सांगतोय. रक्त तपासून घ्या."

भोंगाने हात वर करून सगळ्यांना गप्प केले. सभा जिंकण्याची त्याला हौस होती. "कोणी जायचं नाही," तो म्हणाला. "यांचा डाव समजून घ्या. स्वतः चिखलात बसले, आता आपल्यालाही ओढताहेत, म्हणजे कपावरचा रंग सगळ्यांना सारखा. चला मॅनेजरकडे. यांना ग्राइंडरवरून उठवा, एवढंच मागायचं."

घोळका मॅनेजरच्या खोलीत शिरला. मॅनेजरने दोन्ही डगरींवर पाय ठेवला. आजारावरून कोणाला कामावरून हलवता येत नाही, असे तो म्हणाला. मात्र मायक्रॉन स्वतःहून उठला तर कंपनी आडवी येणार नाही, हेही त्याने दार बंद होता होता सांगून टाकले. तेव्हापासून मायक्रॉनच्या आजूबाजूची जागा ओस पडली. त्याच्यासाठी जॉब घेऊन येणारे ते जमिनीवर ठेवून पाठ फिरवू लागले. औजाराला लावायचे तेल मागितले तर डबा पायाने सरकवत. सुई त्याने जाड डब्यात बंद करून दवाखान्यात नेऊन दिली होती, पण तिच्या जागी रोज कोणी ना कोणी काळ्या खडूने एक फुली काढून ठेवत असे.

या एकांतात त्याला एक गोष्ट दिसू लागली, जी पाहावी असे त्याच्या मनात मुळीच नव्हते. भोंगा कानस चालवता चालवता थांबत असे. जॉब आवळून धरायच्या व्हाइसवर हात टेकून श्वास घेत असे. जेवणाचा डबा अर्धा तसाच परत नेत असे. गेले वर्षभर मायक्रॉनने त्याला कामचोर म्हणून सर्वांदेखत हिणवले होते, आणि प्रत्येक टोला बरोबर बसल्याचे समाधान मानले होते. आता डॉक्टरीणबाईंचे शब्द कानात घोळू लागले आणि ते समाधान खरवडल्यासारखे निघून गेले.

त्याच्या दुसऱ्या तपासणीचा निकाल आला. विषाणू नव्हता. शरीराने त्याला कधीच, कोणाच्याही नकळत, घालवून दिले होते. ऑपरेशनची नवी तारीखही मिळाली. बायकोला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच रडू कोसळले.

"आता जा आणि त्या भोंग्याच्या तोंडावर फेका," ती डोळे पुसत म्हणाली.

फेकायचेच अशा तयारीने मायक्रॉन सकाळी कारखान्यात आला. हात धुण्याच्या नळांपाशी पाठमोरा भोंगा टर्नरला सांगत होता, "घाबरू नकोस. म्हाताऱ्याची दुसरी तपासणी व्हायचीय. त्यात काही निघालं नाही, तर सगळी भानगडच खोटी. मग आपण कशाला रक्त द्यायचं?"

मायक्रॉन खांबाआड थांबला. ओठांवर आलेले वाक्य त्याने गिळले. तो मोकळा झाला हे कळले की हे सगळे मोकळे झाल्यासारखे वागणार होते. त्यांची भीती त्याच्याविरुद्ध होती, पण ती जिवंत होती. ती मारून चालणार नव्हते. तिला जुंपायला हवे होते.

चहाच्या सुट्टीत तो आपला लाल कानाचा कप घेऊन सरळ घोळक्याच्या मध्ये जाऊन बसला. माणसे उठली.

"बसा," तो म्हणाला. "तुम्हाला मी ग्राइंडरवर नको आहे. ठीक. सगळ्यांनी तपासून घ्या. एकाच्या जरी रक्तात काही निघालं, तरी मी त्याच दिवशी उठतो. जागा साडूची. कोणाचंच नाही निघालं, तर मरेपर्यंत तोंड बंद ठेवायचं."

"शब्द देताय?" भोंगाचे डोळे चकाकले.

"माझं माप कधी चुकलंय?"

मग कोणाला समजवावे लागले नाही. मायक्रॉनला उठवण्याच्या उत्साहात अख्खी टूलरूम, वरातीला निघावी तशी, रक्त द्यायला गेली. सगळ्यांत पुढे भोंगा होता.

निकाल आले. एकेकजण येऊन काही नाही, काही नाही, असे सांगू लागला. भोंगा शेवटी आला. "माझंही काही नाही," तो म्हणाला आणि आपल्या व्हाइसकडे गेला. विजय हातचा गेला म्हणून तो शिव्या देईल, तपासणीचे मशीन बिघडले म्हणेल, अशी साऱ्यांची अपेक्षा होती. तो कानस उचलून कामाला लागला. पैज मायक्रॉनने जिंकली. टर्नरने त्याला तेलाचा डबा हातात आणून दिला.

त्याच संध्याकाळी मेव्हणी, भोंगाची बायको, आली. ती उंबऱ्याच्या आतही आली नाही.

"भावजी, ते खोटं बोलले," ती म्हणाली. "त्यांचं निघालंय. रिपोर्ट फाडून टाकला. दुसऱ्या तपासणीला जा म्हणाले डॉक्टर, तर मला म्हणतात, एक शब्द बाहेर काढशील तर बघ. मी काय करू?"

"आधी आत ये आणि पाणी पी," मायक्रॉन म्हणाला. "उद्या तुझंही रक्त तपासून घे. त्याचं मी बघतो."

"मारामारी करू नका."

"ते त्याच्यावर आहे."

सकाळी शिफ्ट सुरू होण्यापूर्वी त्याने भोंगाला भट्टीच्या खोलीत गाठले. भट्टी अजून थंड होती. भोंगाने त्याचा चेहरा पाहिला आणि दाराकडे वळला. मायक्रॉनने दार अडवले.

"तुला जायचंय दुसऱ्या तपासणीला."

"बायको बोलली!" भोंगाच्या मानेच्या शिरा फुगल्या. "तुम्हीच दिलंत मला हे. तुमच्या त्या सुईनं!"

"असेल. नाहीतर तुझ्या अंगठ्यातून माझ्या बोटात आलं असेल. डॉक्टरीण म्हणते, आता कोणालाच सांगता येणार नाही."

"तुमचं काय निघालं दुसऱ्यात?"

"काही नाही. आपोआप गेलं."

भोंगा एक पाऊल पुढे आला. "म्हणजे तुम्ही सुटलात आणि मी अडकलो? आणि हे लपवलंत?"

"लपवलं. सांगितलं असतं तर गेला असतास रक्त द्यायला?"

भोंगाने जवळचा चिमटा उचलला आणि पुन्हा ठेवला. त्याच्या कपाळावर, भट्टी थंड असूनही, घाम होता. उभे राहायला त्याला भिंत लागत होती, आणि भिंतीला टेकल्याचे मायक्रॉनला दिसते आहे, याचाच त्याला अधिक संताप येत होता.

"पैज तू जिंकलास," मायक्रॉन म्हणाला. "पण जागा मागायची तर चहाच्या टाकीसमोर उभं राहून सांगावं लागेल, का जिंकलास ते. तुझ्याच्यानं ते होणार नाही. तूच कप रंगवलास, तुला रंग ठाऊक आहे. तर असं करू. मी उठतो. कारण कोणाला सांगणार नाही. तू आज माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

"आधी उठा."

"आधी रक्त."

"विश्वास नाही माझ्यावर?"

"रतीभर नाही."

"माझाही तुमच्यावर नाही. आधी उठा."

मायक्रॉनने त्याच्याकडे नीट पाहिले; एखाद्या वाकड्या जॉबकडे पाहावे तसे, कुठून धरले तर चाकाखाली येईल याचा अंदाज घेत. मग तो वळला आणि टूलरूममध्ये गेला. माणसे यंत्रे पुसत होती. त्याने ग्राइंडरचा मुख्य स्विच बंद केला, चाकावर झाकण घातले, कापडाने चुंबकाचे टेबल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसले, आपला एप्रन काढून त्याची घडी केली.

"उद्यापासून इथे हा बसेल," तो म्हणाला.

"पण तुम्ही जिंकलात ना?" टर्नर चक्रावून म्हणाला.

"डोळे अधू झालेत माझे. दिसत नाही बारीक."

यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. भोंगा पुढे आला. तो स्टुलावर बसला, थोडा खाली झुकला, टेबलावरून तळवा फिरवला. इतकी वर्षे ज्या उजेडाचा त्याने हेवा केला, तो त्याच्या चेहऱ्यावर पडला, आणि त्या उजेडात त्याचा चेहरा मातकट, ओढलेला दिसला. टर्नरच्याही ते लक्षात आले असावे. त्याने नजर वळवली.

"झालं?" मायक्रॉन म्हणाला.

"उंची चुकीची ठेवलीत स्टुलाची," भोंगा म्हणाला आणि उठला. "चला."

दवाखान्यापर्यंत दोघे रस्त्याच्या दोन कडांनी गेले. रक्त घेणाऱ्या बाईने विचारले, "पेशंट कोण?" भोंगाने खुर्चीत बसून बाही वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"आधी यांना बाहेर जायला सांगा," तो म्हणाला. "तोंड बघवत नाही यांचं."

मायक्रॉन बाहेर गेला. पण दार त्याने पुरते लावले नाही, आणि नळी भरेपर्यंत तिथून हललाही नाही.